चार मरीया

रजिस्टरात चार मरीया निघाल्या. पाद्री शमुवेल रणपिसे यांनी चष्मा पुसून पान पुन्हा वाचले. दुष्काळाच्या सालात, एकाच रविवारी, लोणावळ्याजवळच्या अनाथाश्रमात चार मुलींचा बाप्तिस्मा झाला होता आणि चौघींचेही नाव मरीया ठेवले होते. तेव्हाच्या मडमेच्या जिभेवर इकडची नावे बसत नसत. मुलींची जुनी नावे, गावे, आईबाप, काहीच लिहिलेले नव्हते.

समोर टाकवे बुद्रुकचा कोंडाजी बसला होता. सव्वीस वर्षांपूर्वी घरात दाणा उरला नाही, तेव्हा आईने त्याच्या धाकट्या बहिणीला, मुक्ताला, आश्रमाच्या फाटकाशी सोडले होते. आता आई अंथरुणाला खिळली होती. डोळे गेले होते, अन्न तुटले होते, तरी जीव जात नव्हता. दिवसभर ती मुक्ताला हाका मारी.

"ह्यातली आमची कोणची?" कोंडाजीने विचारले.

पाद्री तीन वर्षे नेमक्या याच कामात होते. शुभवर्तमानातल्या मरीया वेगळ्या करणारा एक निबंध ते लिहीत होते. येशूची आई, बेथानीची मरीया, क्लोपाची बायको, मग्दालीया. लोक त्यांची सरमिसळ करीत. मग्दालीयेला तर लोकांनी दुसऱ्याच एका निनावी बाईचे पाप चिकटवून टाकले होते. पाद्रींनी एकेकीला पुराव्यानिशी बाजूला काढले होते. नाव एक म्हणून माणूस एक धरायचे नाही, हा त्यांचा नियम.

तो त्यांनी कोंडाजीलाही समजावून सांगितला. या चौघींपैकी एक लग्न होऊन नगरला गेली. एक मुंबईला दवाखान्यात नर्स आहे. एकीचा पत्ता नाही. चौथी त्यांचीच बायको. पण आश्रमाच्या आधीचे तिला काही आठवत नाही, असे तिने लग्नाच्या वेळीच सांगितले होते. पुराव्याशिवाय कोणाकडेही बोट दाखवता येणार नाही.

कोंडाजी मुंडासे उचलून उठला.

मरीयाबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप खाली ठेवले.

"आपल्या दारात जांभळीचं झाड हुतं," ती म्हणाली. "दादा, तू त्याच्यावरनं पडलातास. आईनं हाताला हळद बांधली हुती."

कोंडाजी मटकन खाली बसला आणि मुंडाशात तोंड घालून रडू लागला. पाद्रींनी पंधरा वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडून ही बोली ऐकली नव्हती. आपल्यापासून तिने एवढे लपवले, याचे त्यांना वाईट वाटले.

त्याच दुपारी कोंडाजी आणि मरीयाबाई निघाले. वडगावापर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. बाटलेल्या लेकीला घरात कसे घ्यायचे, असा प्रश्न भावकीने काढला, तेव्हा कोंडाजीने म्हातारीचीच बाज पडवीत आणून ठेवली. म्हातारीने मरीयाबाईचे तोंड चाचपले. तिच्या हातून चार घोट पेज घेतली. मग तिचा हात धरून ठेवला, तो सोडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी गेली.

इकडे पाद्रींनी रजिस्टरात दुरुस्ती करायचे ठरवले. योग्य त्या मरीयेपुढे 'मुक्ता, टाकवे' असे लिहायचे होते. पण ओळ कोणती, ते कळेना. म्हणून ते आश्रमात गेले आणि तिथली जुनी पेटी उघडून बसले. तळाशी दफनाची वही सापडली. बाप्तिस्म्यानंतर तीनच आठवड्यांची नोंद होती. मरीया. वय अंदाजे सात. गाव टाकवे. हगवण.

पाचव्या दिवशी बायको परत आली. अंगावर कोंडाजीने नेसवलेले हिरवे लुगडे होते. पाद्रींनी तिला पाय धुऊ दिले, पाणी पिऊ दिले. मग वही तिच्यापुढे ठेवली. तिने नोंद वाचली.

"तू खोटं बोललीस," ते म्हणाले.

"हो."

जांभळीचे कसे कळले, असे त्यांनी विचारले. दोघींना एकच घोंगडी होती, ती म्हणाली. मुक्ता रोज घरचे सांगायची. ऐकून ऐकून पाठ झाले होते.

मरणाऱ्या बाईला फसवणे पाप आहे, असे पाद्री म्हणाले. तिच्या मुलाला खरे काय ते कळवायलाच हवे. त्यांनी कागद पुढे ओढला आणि टाक दौतीत बुडवला.

मरीयाबाईने त्यांना अडवले नाही.

"लिहा," ती म्हणाली. "पण मुक्ताचा निरोपही लिहा. शेवटच्या दिवशी मला म्हणाली, दादा न्यायला आला आन् मला झोप लागल्याली असली, तर तू जा त्याच्यासंगं."