शाकाहारी भाडेकरू

वारज्यातल्या आमच्या घरमालकीण तुळजाकाकू माळकरी. घरात मांसाहार चालणार नाही, हे भाडेकरारातच लिहिलेलं. गळका नळ बघायला त्या वर आल्या आणि खिडकीतल्या माझ्या कीटकभक्षी रोपाला नेमकी तेव्हाच माशी चिकटली.

"हे पण नाही चालायचं," काकू म्हणाल्या. "आणलंस कुठनं?"

"साताऱ्याकडच्या पठारावरून. दुर्मिळ आहे, काकू."

"तिथं फुलं तोडू नका म्हणून पाटी हाय की."

"फूल कुठं तोडलं? मुळासकट आणलंय."

काकूंनी रोपाकडे बोट दाखवलं.

"ते बिचारं भुकेपोटी माशी धरतंय. तुला कसली भूक लागली होती?"

माझ्या हातातला मोबाईल वाजला. रोपाच्या फोटोला आणखी एक लाइक आला होता.