ताईचा डाव

काचवाल्यानं रुमाल सोडला आणि तीन वाकड्या सुया दाजींपुढे ठेवल्या.

"रक्तपेढीतली बाई म्हणाली, दादा, गेंड्याची कातडी आहे की काय तुमची? पहिल्या दोन सुयांना हसली. तिसरीला नाही हसली."

दाजींनी सुयांकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. जन्मभर काच कापणाऱ्याचे हात ते; ओरखड्यावाचून आठवडा जात नसे. आता चार महिने झाले, तळवे लहान मुलासारखे होते. आधी त्याला वाटलं, हात सरावला. पण परवा अख्खी काच मनगटावर फुटली आणि साधा चरासुद्धा उमटला नाही, तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला होता.

"पोरीला सहाच्या आत रक्त हवंय," तो म्हणाला. "माझ्याशिवाय त्या गटाचं कुणी सापडत नाही. काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, दाजी. उचला ते फडकं."

टेबलावरचं फडकं चार महिन्यांत कुणी हलवलं नव्हतं. त्याखाली घरातल्या चौघांचा खेळ अर्धवट पडला होता. नकाशावर बोटभर उंचीच्या बाहुल्या: ताईची जादूगारीण, तिच्या भावाचा, म्हणजे काचवाल्याचा, योद्धा, मुलीची धनुर्धारी आणि दाजींचा राक्षस. त्या रविवारी ताईनं भावावर कवच टाकलं आणि खूण म्हणून योद्ध्याच्या गळ्यात निळी कडी अडकवली. मग एकेकाचा डाव झाला. पुढचा ताईचा, तो आता पुढच्या रविवारी, असं म्हणून सगळे उठले. पुढच्या रविवारपर्यंत ताई राहिली नाही.

दाजी नियमाला पक्के. बायकोलाही कधी सूट दिली नाही. आणि नियम सरळ होता: कवच टाकणाऱ्याचा पुढचा डाव सुरू होईपर्यंत, ज्याच्यावर ते टाकलंय त्याला कशाचीही जखम होत नाही.

"मी तिला हाक मारायची आणि तिनं ओ द्यायची नाही," दाजी म्हणाले. "हे मला जमणार नाही रे."

"तुमची लेक आहे ती."

दाजींनी फडकं काढलं. बाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या मैदानात पोरं बोंबलत होती. त्यांनी योद्ध्याच्या गळ्यातली कडी काढून रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली, मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं केलं आणि हलकेच म्हणाले, "अगं, तुझा डाव."

काचवाल्यानं खिशातला काचेचा तुकडा बोटावरून ओढला. रक्त आलं. हसावं की रडावं त्याला कळेना. भाची वाचणार होती, आणि ताई आज खरी गेली होती.

"निघतो मी."

"थांब. तिचं मिनिट संपलं नाही अजून."

ताईला घाई म्हणून माहीत नव्हती. शेवटचा कण पडेपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवायची आणि मग खेळायची. दोघं वाळूकडे बघत राहिले. शेवटचा कण पडला.

दाजी कपडे बदलून निघायला आले, तोच त्यांचा फोन वाजला. इस्पितळातून नर्स बोलत होती, आणि तिचा आवाज काचवाल्यालाही ऐकू येत होता.

"मुलीची सलाईनची सुई बदलत होते. शिरतच नाहीये हो हातात. तीन वाकल्या. तुमच्या घराण्यातच आहे का हे?"

काचवाल्यानं नकाशाकडे पाहिलं. निळी कडी खुर्चीपुढे नव्हती. ती धनुर्धारीच्या गळ्यात होती.

आईच ती. डाव मिळाल्यावर दुसरं काय करणार होती?

आधी सावरले ते दाजी. "फासा उचल," ते म्हणाले. "फेरी पुरी करू. तुझा डाव, मग पोरीचा मी टाकतो, मग राक्षसाचा. चल, लवकर."

फासे पडले. कुणी कुणाला मारलं ते दोघांनीही पाहिलं नाही. पाच वाजून गेले होते.

दाजींनी कडी काढून पुन्हा खुर्चीपुढे ठेवली आणि घड्याळ उलटं केलं. आयुष्यात कधी कुणाला खेळ शिकवायला न गेलेला तो माणूस खुर्चीपुढे हात जोडून उभा राहिला.

"अगं, तुझा डाव. पण ह्या वेळी कुणालाच वाचवू नकोस गं."

वाळू पडू लागली, नेहमीसारखीच सावकाश.