धुरावरचं मटण

ज्योत हिरवी होती.

क्षमानं फुंकणी बाजूला ठेवली आणि खड्ड्यावर वाकून पाहिलं. दिवसभर ओल्या भुशाखाली नुसतं धुमसणारं लाकूड आता पेटलं होतं. टोक पिवळं, पण कडेनं स्पष्ट हिरवी झाक. हायस्कूलात ती दरवर्षी मुलींना हाच रंग दाखवायची. तारेच्या टोकावर क्षाराचा कण घ्यायचा, बर्नरमध्ये धरायचा. हिरवा आला की समजायचं, तांबं.

"अहो, लाकूड कुठलं घातलंत?"

"आपलंच की. काढलेल्या बागंतली खोडं," देवदत्त म्हणाला. "आबांनीच निवडून दिली. द्राक्षाच्या लाकडाचा धूर गोड असतोय म्हणं."

तिनं ढिगातलं एक खोड उचलून सालीवरून नख फिरवलं. भेगांमध्ये निळसर खपली होती. मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, आणि चुन्याचा लेप. छाटणी झाली की घरातले सगळे ब्रश घेऊन बागेत उतरायचे आणि एकेक खोड रंगवायचे. लग्नानंतर तीही रंगवत आली होती. तासगावच्या शिवारात निळं खोड इतकं नेहमीचं, की त्याचा निळेपणा कुणाला दिसतच नसे. त्र्याण्णव साली म्हातारी झालेली बाग काढली, तेव्हापासून ती खोडं गोठ्यामागं रचून ठेवलेली होती.

आबा म्हणजे तिचे सासरे. मिरजेला त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. आता फक्त जेवायचं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेवढंच आबा करत नव्हते. दोन घास खाऊन ताट सरकवायचे. "चव न्हाई," म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. अंगावरची बंडी दर आठवड्याला ढिली होत होती. असंच चाललं तर औषधाचा काही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी देवदत्तला बाहेर नेऊन सांगितलं होतं. मग एका दुपारी आबा आपणहून बोलले. "फौजेत आसताना नागालँडात पोस्टिंग हुतं तवा चुलीवर धुरात टांगलेलं मटण मिळायचं. तसलं असतं तर खाल्लं असतं."

खाल्लं असतं. घरानं तेवढेच दोन शब्द धरले.

मटणाला धुरी द्यायचं साधन घरीच करायचं, त्यासाठी विकत काही आणायचं नाही, असं ठरलं. फवारणीचं पीप क्षमानं सुरुवातीलाच नाकारलं, त्यात औषधं कालवलेली. रेशन दुकानातलं रॉकेलचं मोडकं पीप मिळालं. त्यात पाचट पेटवून वास जाईपर्यंत भाजलं आणि बूड कापलं. सायकलच्या स्पोकचे आकडे केले. जाळ पिपाखाली नको, लांब खड्ड्यात हवा, धूर चरातून थंड होत यायला पाहिजे, हे आबांचं म्हणणं. चरावर जुनी कौलं घातली, फटी चिखलानं लिंपल्या. आधी ते बाजेवरून सांगत होते. मग काठी टेकत चरापाशी येऊन सांगू लागले.

"आरं, चर पिपाकडं चढता पाहिजे. धूर काय पाणी हाय व्हय, उताराला पळायला?"

"आबा, मी शेतकरी हाय. खंदक खणायची नोकरी तुमी केली."

"म्हणून तर तुला सरळ खणता येत न्हाई."

क्षमाला ते वेगळंच विचारायचे. मीठ लावलं की मटण नासत नाही, ते का? पाणी ओढून घेतं, ती म्हणायची. आन धूर काय करतो? पुस्तकात बघून सांगते, ती म्हणायची आणि खरंच बघायची. धुरात इतकं काही असतं, हे तिलाही नवं होतं.

आज सकाळी मीठ-हळद लावलेल्या मटणाच्या पट्ट्या पिपात टांगल्या. आता त्या तांबूस, चकचकीत झाल्या होत्या. वास अंगणभर होता. आणि थोड्या वेळापूर्वी आबांनी बाजेवरून विचारलं होतं, "झालं का गं? ताट घे."

देवदत्तनं आवाज खाली आणला. "एक तुकडा खाल्ला तर काय हुतंय? आज पहिल्यांदा ताट मागितलंय त्यांनी."

"तांबंच आहे की अजून काय काय, मला माहीत नाही. इतक्या वर्षांची औषधं मुरलीत त्यात."

"आज न्हाई म्हणलीस, तर परत मागायचे न्हाईत."

तेच तिलाही वाटत होतं. हात थांबेल म्हणून ती भरभर उठली. आकडे काढले, पट्ट्या उकिरड्याच्या खड्ड्यात टाकल्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर माती ओढून दगड ठेवला. मग बाजेपाशी गेली.

"आबा, ते मटण मी पुरलं. खोडांवरचं मोरचूद जळत होतं. ते पोटात जायला नको."

आबा बाजेवर उठून बसले. देवदत्तनं मान वळवली.

"कशावरनं वळखलंस?" आबांनी विचारलं.

"ज्योत हिरवी आहे."

"दाव."

ते खड्ड्यापाशी आले. "लांबून बघा, धूर घेऊ नका," ती म्हणाली आणि काठीनं निखारा उलटला. हिरवी जीभ वर आली, हलली, गेली.

"आजून एकदा."

तिनं परत उलटला.

"जल्मभर हातानं फासलं," आबा म्हणाले, "आन जळताना कसं दिसतंय ते कवा बघितलं न्हाई." मग लेकाकडं वळले. "उद्या बांधावरच्या पेरूची फांदी तोड. त्याला आपण कवा काय फासलं न्हाई. आन चर जरा लांबव."

बाजेवर बसून त्यांनी काठी खाली ठेवली.

"मग आता उपाशी निजू व्हय मी? काय आसंल ते आण."

घरात सकाळचा झुणका होता. क्षमानं टोपलीतली भाकरी काढली, रोजच्या सवयीनं अर्धी मोडली आणि ताट त्यांच्यापुढं ठेवलं.

आबांनी ताटाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"आर्धीच? बाकीची कुणी खाल्ली?"