सणाचे कर्णे

"यंदा आवाज गेला, तर पुढल्या सणाला मुंबईचा माणूस आणीन," फादर मिस्सेच्या प्रार्थनेआधी म्हणाले होते, तेही न हसता.

"नाय जानार, फादर," दिनानाथ म्हणाला खरा, पण तेव्हापासून तो बॅटरीच्या तारा पुन्हा पुन्हा तपासत होता. सांडोरचा हा केळीवाला सप्ताहाच्या भजनांना कर्णे लावता लावता ते काम शिकला होता. गेल्या वर्षीपासून चर्चच्या सणालाही तो हौसेने कर्णे लावायला यायला लागला. त्या पहिल्याच खेपेला प्रवचनात बॅटरी बसली, त्यामुळे प्रवचनानंतरची मिस्सा त्याने कधी कर्ण्यातून ऐकलीच नव्हती.

यंदा प्रवचन पार पडलं. गाणं संपलं. फादर लोकांकडे पाठ करून वेदीवरच्या माइकसमोर उभे राहिले, घंटी किणकिणली आणि आवाज गेला. भजनात शांतता म्हणजे बॅटरी बसली, एवढंच दिनानाथला ठाऊक. त्याने तारा दाबून पाहिल्या, देवाचं नाव घेतलं, कुठल्या ते त्यालाच माहीत, आणि आवाजाचं बटण शेवटापर्यंत पिळलं.

गाणाऱ्यांतला इनास धावत आला. "अरे येड्या, कमी कर! आवाज गेला नाय. इथं फादर ओठांतल्या ओठांत बोलतात. ज्यांची काळजी लागलीय, त्यांची नावं देवाच्या कानात घालतात."

पण तोवर बाहेरच्या कर्ण्यांतून, पार केळीच्या वाड्यांपर्यंत, फादरांची कुजबुज पोचली होती: "पास्कू... मोनिका... दिनानाथ..."