नव्या तांदळाची पहिली टोपली

भिवाजी पाटील सांगत होते आणि वाल्मीक गुरुजी लिहून घेत होते. तालुक्याचा इतिहास छापायचं ठरलं होतं. भरे गावाचा इतिहास हैबतराव पाटलांपासून सुरू होतो, याबद्दल गुरुजींनाही शंका नव्हती.

"इंग्रजी अमदानीतला मोठा दुकाळ," भिवाजी म्हणाले. "आमच्या पणज्यानं, हैबतरावांनी पेव उघडलं. दाणा न् दाणा गावाला वाटला. एक माणूस गाव सोडून गेला न्हाई. लिवलं?"

"लिहिलं."

धोंडाबाई, भिवाजींच्या थोरल्या भावाची विधवा, माजघराच्या दारात बसून नव्या आंबेमोहराची टोपली भरत होती. सोमवार होता, पोटात पाण्याचा थेंब नव्हता. या घरात नवा तांदूळ आधी देवापुढे जात नसे. पहिली टोपली घरातली थोरली बाई स्वतःच्या डोक्यावर घेऊन, अनवाणी, धनगरांच्या पालावर पोचवायची. ती परत आली, की मग देवाचा नैवेद्य. गड्याच्या हाती ती टोपली कधी गेली नाही. धोंडाबाईचं हे एकविसावं वर्ष.

अंगणात अंबाबाई धनगरीण वाट बघत बसली होती. मेंढरं रानात उतरली की तीच दरवर्षी सांगायला येई, आणि मग दोघी मिळून पालाकडे निघत.

"आन् ह्येबी लिवा," भिवाजींनी तिच्याकडे हात केला. "त्या दुकाळात धनगरास्नीबी आमीच पोसलं. म्हणून पहिला तांदूळ आजबी त्यास्नी जातुया. पाटलाची दानत म्हंत्यात ती ही."

गुरुजींचं पेन सरसर चालू लागलं.

अंबाबाईने तोंडातली तंबाखू कुंपणापलीकडे थुंकली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि उठली.

"लिवा की. पाटलाचं घर, पाटलाची वही," ती शांतपणे म्हणाली. "पर धोंडाबाई, औंदा टोपली आणू नगा. भिकंचं आमी खात न्हाई."

ती चालायला लागली.

धोंडाबाईच्या हातातलं माप हातातच राहिलं. पहिल्या वर्षी टोपली डोक्यावर ठेवताना सासूने कानात सगळं सांगितलं होतं आणि वर बजावलं होतं, पुरुषमाणसांत बोलायचं न्हाई. सासूला तिच्या सासूने असंच सांगितलं होतं. वीस वर्षं दोन्ही नेम सांभाळले, टोपली पोचवायचा आणि गप्प राहायचा. आज दोन्ही एकदम पाळता येणार नव्हते.

तिने पदर सावरला आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.

"अंबाबाई, थांबा वाईच. गुरुजी, त्ये खोडा. भावजी चुकीचं सांगत्यात."

"वहिनी?"

"तुमचे आजे, गेणबा, त्याच दुकाळात जन्मले, भावजी. आईच्या अंगावर दूध न्हवतं. तीन दिसांचं पोर, रडायचंबी थांबलं व्हतं. अंबाबाईची आजेसासू बायजा मेंढीच्या दुधावर तगलेली, तिच्या अंगावर दूध व्हतं. तिनं त्येला पदराखाली घेतलं. एका अंगाला तिचा म्हसू, एका अंगाला आपला गेणबा. दोन वर्सं पाजला."

भिवाजी ताडकन उठले. गुरुजींच्या वहीकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "घरातलं पुस्तकात घालता व्हय? भावकी काय म्हणंल? पाटलाचं पोर एका धनगरणीच्या..."

"व्हय, धनगरणीच्या. म्हणून तुमी हायसा, तुमची पोरं हायेत. ही टोपली दानाची न्हाई, भावजी. सासूला पहिलं वाढावं, तशी मी ती नेतीया."

गुरुजींनी घसा खाकरला. "मग हैबतरावांनी गाव पोसलं म्हणालात, तेही खोडू का?"

उत्तर दिलं ते अंबाबाईने, वाटेवरून माघारी वळून.

"त्ये का खोडता? त्ये खरं हाय. समदं पेव गावाला दिलं त्या बाबानं. घरात बाळंतीण, तिच्यापुरतं मूठभर राखलं न्हाई. म्हणून तर तिचं दूध आटलं. बायजा म्हातारी सांगायची मला. असा येडा पाटील पुन्यांदा व्हायचा न्हाई, म्हणायची, आन् डोळं पुसायची."

भिवाजी हळूच खाली बसले. पणज्याची ही गोष्ट त्यांनी जत्रेत सांगितली होती, लग्नात सांगितली होती, व्याह्यांना दोनदोनदा ऐकवली होती. तिच्यातली ही बाळंतीण त्यांना आज पहिल्यांदा भेटत होती.

गुरुजींनी नवं पान काढलं. जन्म शाळेचा पट भरण्यात गेलेला. त्यांनी त्याच सवयीने विचारलं,

"बाईचं नाव?"

"बायजा," अंबाबाई म्हणाली.

"मुलं किती?"

अंबाबाई भिवाजींकडे बघत राहिली. धोंडाबाईही.

भिवाजींनी डोक्यावरचा पटका सारखा केला आणि ताठ बसले.

"दोन," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरात लिवा."