शनिवार-रविवार सोडून

"सोमवार ते शुक्रवार खुशाल राहा. शनिवार-रविवार तेवढा फ्लॅट खाली करून द्यायचा," नीराबाई म्हणाल्या आणि मृणालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आठ दिवसांत हे वाक्य ती नवव्यांदा ऐकत होती. अलिबागेत फ्लॅटना तोटा नव्हता, पण सगळे पाहुण्यांसाठी. मुंबई-पुण्याची मंडळी दोन दिवस समुद्रात डुंबायला येणार, म्हणून भाडेकरूनं दर शुक्रवारी संध्याकाळी गादी, गॅस, भांडी उचलून चालतं व्हायचं. एका मालकानं तर "तुम्हीपण फिरून या की कुठंतरी," असा फुकटचा सल्लाही दिला होता.

तिला कुठंही फिरायचं नव्हतं. वडिलांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. अलिबागेत डायलिसिसची पाळी मिळाली, म्हणून तिनं पोस्टातल्या साहेबांच्या हातापाया पडून इथं बदली मागून घेतली होती. पाळी मंगळवार, गुरुवार, शनिवार. शनिवार बदलून मिळेल का, हेही विचारून झालं होतं. यादी भरली होती. पहिली पाळी उद्याच, शनिवारी. बाबा पहाटेच्या एसटीनं लांबच्या गावाहून, बोर्ली पंचतनहून निघणार होते, आणि डायलिसिसनंतर पुन्हा तेवढाच प्रवास करण्याचं त्राण त्यांच्या अंगात उरणार नव्हतं. ती स्वतः चार मुलींच्या खोलीत पाचवी होऊन झोपत होती. तिथं बाबांना कसं नेणार? बाबांना मात्र वाटत होतं, लेकीनं घर घेतलंय. खिडकीतून समुद्र दिसतो का, असं त्यांनी फोनवर विचारलं होतं. ती हो म्हणाली होती.

नीराबाईंचं घर दुमजली. वर भाड्याचा फ्लॅट, खाली त्यांचा संसार. मागं परसात पत्र्याची एक खोली होती.

"मावशी, मग ती मागची खोली द्या. पाहुण्यांना तर ती देत नाही ना तुम्ही?"

"ती न्हाय देता येत."

"का पण? भाडं फ्लॅटचंच देते मी."

"न्हाय म्हटलं ना पोरी."

एवढे दिवस गिळलेला राग मृणालीच्या तोंडून बाहेर पडला. "तुम्हाला काय, मावशी. तुम्ही आपल्या घरात निवांत झोपणार. माझा बाप उद्या दवाखान्यातून धडपडत बाहेर येईल, त्याला मी वाळूत झोपवू?"

आता ही बाई आपल्याला हाकलणार, असं मृणालीला वाटलं. हाकलू दे. दहावं दार, बाकी काय.

तेवढ्यात फाटकापाशी हॉर्न वाजला. पुण्याच्या नंबरची मोठी गाडी आत शिरली. नीराबाई लगबगीनं आपल्या घरात गेल्या आणि देव्हाऱ्यातल्या देवांचं तबक पदराखाली घेऊन बाहेर आल्या. मग त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि त्याची चावी गाडीतून उतरलेल्या माणसाच्या हातात ठेवली. "खालचा मजला तुमचा. पाणी गरम हाय."

मृणालीकडे वळून त्या म्हणाल्या, "चल."

पत्र्याच्या खोलीचं दार त्यांनी ढकललं. आत त्यांची सून जमिनीवर बसून भाकरी थापत होती. दोन मुलं पत्र्याला टेकून अभ्यासाला बसली होती. कोपऱ्यात वळकट्यांची चळत होती. एका दोरीवर सगळ्यांचे कपडे होते. पाय ठेवायला जागा शोधावी लागत होती.

"शुक्रवारी सांजेपासून आमीपन हितंच," नीराबाईंनी देवांचं तबक फळीवर ठेवलं. "पाहुन्यांना खालचंपन घर पायजे असतं."

मृणालीला मान वर करवेना. आपण काय काय बोलून गेलो, ते तिला एकेक शब्दानिशी आठवत होतं. "मावशी, मला माहीत नव्हतं," एवढंच ती कशीबशी म्हणाली आणि जायला वळली.

मागून वळकट्या सरकवल्याचा आवाज आला. सुनेनं मुलांना उठवून पलीकडे बसवलं.

"थांब गो," नीराबाई म्हणाल्या. "उद्या तुझ्या बापसाचं अंथरूण कुठं घालू, दाराकडं का भिंतीकडं?"