चौघांचा फोटो

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा तो सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये, लिफ्टच्या टपावर बसून दोराला वंगण लावत होता. बायकोला ताप होता. चार दिवसांत घरी येईल, असं सगळेच म्हणत होते.

नर्स म्हणाली, "तुम्ही लगेच या."

"ताप उतरला का तिचा?"

"तुम्ही या," नर्स पुन्हा म्हणाली.

हातातलं फडकं खाली पडलं. ते तळाला पोचायच्या आत त्याला कळून चुकलं होतं.

सगळं उरकल्यावर आठव्या दिवशी तो कामावर गेला. घरात बसवत नव्हतं. बसला की उठायचा, आणि कशासाठी उठलो ते आठवायचं नाही. कपाट उघडायचा, लावायचा. खिशातून फोन काढायचा, परत ठेवायचा.

कारण आजीला अजून सांगितलं नव्हतं.

आईबाप लहानपणीच गेले. आजीआजोबांनीच त्याला वाढवलं. दोघं राहायची दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब. सहा आठवड्यांनी त्यांच्या लग्नाला साठ वर्षं होणार होती.

आजोबा टपालखात्यात तारा वाटायचे. त्यांचा एक नियम होता. ज्या घरात कार्य चाललंय तिथे वाईट तार लगेच द्यायची नाही, पाहुणे उठेपर्यंत खिशात ठेवायची. साहेबाने दोनदा झापलं, तरी त्यांनी नियम सोडला नाही. "गेलेलं माणूस दोन तासांनी काही जास्त जात नाही," असं म्हणायचे.

नातवानेही तेच ठरवलं. साठ वर्षांचा दिवस पार पडू दे, मग सांगू.

रविवारी त्याने फोन केला. उचलला आजीनेच. आजोबांना फोनवर ऐकू येत नसे. इकडचं तिकडे करायचं काम कायम आजीचं.

"ढब्या, तुझी बायको कुठाय? दोन रविवार झाले, आवाज नाही तिचा."

"तिच्या घशाचं ऑपरेशन झालंय. छोटंसंच. दीड महिना बोलायचं नाही म्हणालेत."

"अगं बाई! आणि मला आत्ता सांगतोस? तिच्याजवळ कोण आहे?"

"मी आहे ना."

"मग तिथून हलायचं नाही. इकडे यायचं तर मनातसुद्धा आणू नकोस. साठ वर्षं काय, एकसष्ट होतील तेव्हा ये." मग ती आत तोंड करून ओरडली, "अहो, ऐकलंत का? नातसुनेच्या घशाचं ऑपरेशन झालंय! दीड महिना बोलायचं नाही!"

आतून खोकला आला, काहीतरी पुटपुटणं आलं.

"काय म्हणतात?"

"काय म्हणणार! डॉक्टरचा पत्ता विचार म्हणतात. माझा घसा दाखवायचाय."

तो हसला. फोन ठेवल्यावर आपण हसलो याची त्याला लाज वाटली.

एक खोटं बोलला, ते टिकवायला दर रविवारी नवं लागू लागलं. तिने पाटीवर लिहून नमस्कार सांगितलाय. आता पेज पिते. आता झोपलीय. आजी सगळं ऐकून घ्यायची आणि उलट त्यालाच धीर द्यायची. एकदा तिचा आवाज अगदीच बसला होता.

"सर्दी झालीय," ती म्हणाली. "तुझ्या बायकोची साथ इथवर आली बघ."

"आजोबा बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय! न्हाव्याकडे गेलेत. तू पोरीकडे बघ."

त्याला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. पण दिवस जवळ आला होता.

स्वतः जायचं तर खोटं उघडं पडणार. म्हणून त्याने आजीच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्टुडिओला फोन लावला. "म्हातारा-म्हातारीला खुर्च्यांवर बसवून फोटो काढा. मागे आम्हा दोघांना उभं करा. आमचा फोटो पाठवतो. चौघं एकत्र आल्यासारखी दिसली पाहिजेत."

"फिकीर नको, दादा. सांधा दिसणार नाही."

बायकोचा फोटो निवडताना त्याचा अख्खा रविवार गेला.

साठ वर्षं झाली त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने इमारतीच्या जिन्यातून फोन केला.

"साठ वर्षं, आजी!"

"हो रे. एकदा घर सोडून गेले होते मी. कोपऱ्यावर यांनीच गाठलं. म्हणाले, पिशवी जड आहे, मी धरतो, चल कुठं जायचंय तिथं."

"त्यांना दे ना फोन. ऐकू नाही आलं तर नाही. नुसतं हॅलो म्हणू दे."

"पडलेत आत. फोटोसाठी ताठ बसून दमलेत. तुझं जेवण झालं का?"

"झालं. आजी, उद्या फोन करतो. जरा बोलायचंय."

"मलाही बोलायचंय. पण पोरीला बरं वाटू दे आधी. तिला जप."

तो तीन मजले चढला, तीन उतरला. उद्याची वाक्यं जुळवू लागला. एकही पुरं होईना.

चारच्या सुमाराला फोटोवाल्याचा फोन आला.

"दादा, फोटो पाठवतोय. वहिनी काय सुरेख आल्यात! आजोबा तेवढे जरा पुसट वाटतील."

"हलले का?"

"नाही हो. आजींनी त्यांचा जुन्या ओळखपत्रावरचा फोटो दिला, तोच मोठा करून खुर्चीत बसवलाय. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या, पण उद्या तुम्ही माझ्या कामाला नावं ठेवाल."

"जुना कशाला? ते आले नव्हते का?"



"आजोबांना जाऊन तीन आठवडे झाले, दादा. आजी म्हणाल्या, त्याची बायको अंथरुणावर आहे, कळलं तर तिला टाकून धावत येईल. ती बोलायला लागली की मीच सांगेन."

फोटो आला. चौघंही हसत होती. त्यातली दोघं आता राहिली होती, आणि त्या दोघांचं एकमेकांना सांगायचं राहिलं होतं.